‘कारण’ या रकान्यात काय लिहावे?

१८९२ या एका वर्षात ब्रिटिश हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांत १,३४४ माणसे दाखल झाली. प्रत्येकाच्या नावाने एक तक्ता भरला जाई. त्यात एक रकाना ‘वेडाचे कारण’ असा होता. १,३४४ पैकी २२२ जणांच्या नावापुढे या रकान्यात गांजा, भांग किंवा चरस यांची नोंद होती. म्हणजे दर सहा वेड्यांमागे एक जण या नशेने वेडा झाला, असे सरकारी कागद सांगत होता.

पुढे सरकारनेच नेमलेल्या एका आयोगाने या नोंदी पुन्हा तपासल्या. चौकशी रुग्णाच्या गावापर्यंत गेली. तो आजारी कधी पडला, नशा कधीपासून करीत होता, घराण्यात आधी कुणाला वेड लागले होते का, हे नातेवाइकांना विचारले गेले. छाननीनंतर २२२ पैकी ९८ प्रकरणेच टिकली. त्यांतही केवळ गांजा-भांग-चरस हेच कारण म्हणता येईल अशी प्रकरणे ६१ होती. शेकड्यात सांगायचे तर साडेसोळाचे साडेचार झाले.

मग बाकीच्या नोंदी आल्या कुठून? त्यांची हकीकत साधी आहे. रस्त्यावर सापडलेल्या वेड्या माणसाला पोलीस घेऊन येत. तक्ता पोलीस ठाण्यात किंवा मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत भरला जाई. रकाना रिकामा ठेवणे सरकारी दफ्तराला मानवत नाही. माणूस फकीर किंवा बैरागी दिसला, किंवा कधीकाळी चिलीम ओढत होता असे कुणी सांगितले, की कारकून ‘गांजा’ लिहून मोकळा होई. इस्पितळातला डॉक्टर तीच नोंद आपल्या वहीत उतरवून घेई. वर्षाअखेरीस त्या वह्यांची बेरीज होई आणि ती बेरीज ‘आकडेवारी’ म्हणून लंडनपर्यंत जाई.

एका रकान्याची ही गोष्ट वाटते तेवढी किरकोळ नाही. अमली पदार्थांविषयी जगाने गेल्या शतकात जे कायदे केले, त्यांतल्या एका मोठ्या कायद्याचे मूळ अशाच एका रकान्यात आहे.

आयोग का नेमला गेला?

२ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात विल्यम स्प्रॉस्टन केन या सदस्याने बंगालमधील गांज्याचा प्रश्न उपस्थित केला. केन हे इंग्लंडातील मद्यपानविरोधी चळवळीचे पुढारी. गांज्याने हिंदुस्थानी रयतेचे नैतिक आणि शारीरिक नुकसान होते, याची चौकशी व्हावी, अशी त्यांची मागणी होती. भारतमंत्री लॉर्ड किंबर्ली यांनी ही चौकशी बंगालपुरती न ठेवता साऱ्या हिंदुस्थानात व्हावी असे सुचवले. ३ जुलै १८९३ रोजी सात जणांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते पंजाबातील वरिष्ठ अधिकारी मॅकवर्थ यंग. तीन सदस्य हिंदी होते: बंगालमधील ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, पंजाबचे कुंवर हरनाम सिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद. मुसलमान सदस्य एकही नव्हता. मुंबई इलाख्यातून पंचमहालचे कलेक्टर ओमॅनी होते.

३ ऑगस्ट १८९३ रोजी कलकत्त्यात पहिली बैठक झाली आणि वर्षभराने, ऑगस्ट १८९४ मध्ये, सिमल्यात काम संपले. या काळात आयोगाने १,१९३ जणांच्या साक्षी मिळवल्या. त्यांत कलेक्टर होते, डॉक्टर होते, वैद्य-हकीम होते, मिशनरी होते, गांज्याचे ठेकेदार आणि शेतकरीही होते. आपल्याकडे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात तेव्हा गांज्याची रीतसर शेती होत असे, तीही या पाहणीत आली. मुंबई गॅझेटिअरचे संपादक जे. एम. कॅम्पबेल यांनी भांग आणि लोकधर्म यांवर आयोगासाठी एक टिपण लिहिले. त्यात शिवभक्तांच्या भांगेबरोबरच मुसलमान फकिरांचाही उल्लेख आहे. भांगेत हजरत ख्वाजा खिज्र यांचा वास असतो अशी काहींची समजूत त्यांनी नोंदवली आहे. ही समजूत शरियतला मान्य नाही, हे सांगायला नको. पण तकियांवर काय चालत होते याची ती नोंद आहे आणि इतिहासाला ती टाळता येत नाही.

आयोग ऐकीव गोष्टींवर थांबला नाही, हे त्याचे मोठेपण. ‘गांजा ओढून माणसे खून करतात’ असे अनेक साक्षीदार छातीठोकपणे सांगत. आयोगाने विचारले, कोणता खून, कोणत्या साली, कोणत्या कोर्टात? मग त्या खटल्यांचे कागद मागवले. कागद हाती आल्यावर बहुतेक प्रकरणांत गांज्याचा संबंध सिद्ध होईना. साक्षीदारांना खून आठवत होता, पण त्यामागची जमिनीची भांडणे आणि घरगुती वैर ते विसरले होते. डॉक्टर कनिंगहॅम यांनी कलकत्त्यात एका माकडाला कित्येक महिने गांज्याचा धूर देऊन त्याचा मेंदू तपासला. गांज्यामुळे मेंदूला इजा झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

शेवटी आयोगाने जे म्हटले त्याचा सारांश असा: बेताचे सेवन करणाऱ्या बहुसंख्य लोकांचे विशेष नुकसान होत नाही. अतिसेवन मात्र शरीराला आणि मनाला घातक आहे आणि ज्याचे मन मुळात दुबळे आहे त्याला ते वेडही लावू शकते. संपूर्ण बंदी घातली तर ती अंमलात येणार नाही, लोक अधिक घातक नशेकडे वळतील. म्हणून परवान्याखेरीज लागवड नको, दुकाने कमी करा, कर वाढवा, एका माणसाने जवळ किती बाळगावे त्याला मर्यादा घाला.

या निष्कर्षावर आंधळा विश्वास ठेवण्याचे कारण नाही. गांज्यावरच्या करातून सरकारी तिजोरीत पैसा येत होता. बंदी नको, कर हवा, हे उत्तर त्या तिजोरीला सोयीचे होते. आयोगातच एकमत नव्हते. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद यांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडली. साहेबांचे मत एक आणि हिंदी सदस्यांपैकी दोघांचे वेगळे, ही गोष्ट बोलकी आहे. तरीही आयोगाने आपली सारी सामग्री अनेक खंडांत छापून ठेवली, साक्षी आणि भिन्नमते यांच्यासह. त्यामुळे आज आपण त्याच्याशी वाद घालू शकतो. पुराव्यावर उभ्या असलेल्या धोरणाची हीच खूण आहे.

आपल्या परंपरेत हा प्रश्न

कुणाला वाटेल की हा सारा इंग्रजांचा खटाटोप, मुसलमानांना त्याचे काय? आपल्याकडे तर नशा हराम, विषय संपला. पण आपल्याच बुजुर्ग उलेमांनी हा विषय इतक्या लवकर संपवला नव्हता.

हशीश म्हणजे गांजा-चरसाचाच प्रकार. तिच्याविषयी कुरआन शरीफमध्ये नावाने उल्लेख नाही. तेराव्या-चौदाव्या शतकात मिसर आणि शाम देशांत तिचा प्रसार झाला तेव्हा फकीहांपुढे प्रश्न आला. ती नाजायज आहे याविषयी बहुतेकांचे एकमत होते. मतभेद पुढे होते. इब्ने तैमिया (मृत्यू १३२८) यांनी तिला दारूच्या पंक्तीत बसवून हद्दची शिक्षा सांगितली. मालिकी फकीह अल्-कराफी (मृत्यू १२८५) यांनी दारूची मस्ती आणि हशीशची सुस्ती यांत फरक केला आणि हद्दऐवजी ताजीर, म्हणजे काझीच्या विवेकावर सोपवलेली शिक्षा, पुरेशी मानली. अज्-जर्कशी (मृत्यू १३९२) यांनी या विषयावर स्वतंत्र रिसाला लिहिला. अवयव कापण्याची वेळ आली तर वेदना कळू नये म्हणून असे औषध देता येईल का, याची चर्चाही त्यात आहे. पदार्थ कोणता, परिणाम कोणता, किती मात्रेत, कुणासाठी, असे एकेक प्रश्न वेगळे करण्याची ही सवय आपल्या इल्मी परंपरेतली आहे.

तिब्बची परंपराही तशीच. इब्ने सीना यांच्या ‘अल्-कानून’मध्ये या वनस्पतीची नोंद आहे. आपल्या दख्खनशी जोडलेला एक दुवा तर फारच मनोरंजक आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य सोळाव्या शतकात गोव्यात राहत होता आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याचे येणे-जाणे होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात भांगेवर एक प्रकरण आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा म्हणे की, रात्री आपल्याला पोर्तुगाल, तुर्कस्तान, अरबस्तान पाहावेसे वाटले तर थोडी भांग पुरते. सुलतानाचा विनोद सोडून दिला तरी हा वैद्य कानावर आले ते लिहून स्वतःची पाहणी वेगळी सांगतो, हे महत्त्वाचे.

हाच धागा १८३९ साली कलकत्त्यात पुढे गेला. मेडिकल कॉलेजातील आयरिश डॉक्टर ओ’शॉनेसी याने गांज्याच्या औषधी उपयोगावर निबंध लिहिला. त्यासाठी त्याने ‘मखजनुल अदविया’सारखा फारसी तिब्बी ग्रंथ धुंडाळला, हकीम आणि पंडित दोघांनाही विचारले, आधी जनावरांवर प्रयोग केले आणि मग रुग्णांना औषध दिले. संधिवात, धनुर्वात, कॉलरा यांत त्याने ते वापरून पाहिले. सुमारे चाळीस दिवसांच्या एका मुलीला सारख्या आकड्या येत होत्या. इतर उपाय हरल्यावर गांज्याच्या अर्काचे थेंब दिले आणि मूल वाचले, असे त्याने नोंदवले. अतिसेवनाने भ्रम होतो, हेही त्याच निबंधात आहे. या तान्ह्या मुलीची आठवण ठेवावी, पुढे ती लागणार आहे.

जिनिव्हात काय घडले?

१८९४ चा अहवाल कपाटात गेला. तीस वर्षांनी, १९२४-२५ च्या हिवाळ्यात, जिनिव्हा येथे राष्ट्रसंघाची अफूविषयक परिषद भरली. विषयपत्रिकेवर अफू आणि कोकेन होते. इजिप्तचे प्रतिनिधी डॉ. मोहम्मद अल् गुइंदी यांनी मागणी केली की, हशीशही यादीत घाला. त्यांचे भाषण जळजळीत होते. इजिप्तमधील वेडाच्या रुग्णांपैकी तीस ते साठ टक्के हशीशमुळे वेडे झालेले असतात, असा आकडा त्यांच्या बाजूने मांडला गेला.

डॉ. गुइंदी यांच्या हेतूवर शंका घेऊ नये. इजिप्त नुकताच स्वतंत्र झाला होता आणि आपल्या गरीब फेलाहीनांची काळजी त्यांना होती. पण तो आकडा आला कुठून? कैरोच्या अब्बासिया येथील वेड्यांच्या इस्पितळाचा कारभार जॉन वॉर्नॉक या इंग्रज डॉक्टरकडे १८९५ पासून १९२३ पर्यंत होता. हशीश हे वेडाचे मोठे कारण, असे तो वर्षानुवर्षे लिहीत आला. तोच तक्ता, तोच रकाना. गंमत अशी की, त्याच इस्पितळाच्या १९२०-२१ च्या अहवालात ७१५ दाखल रुग्णांपैकी हशीशच्या नावावर १९ जण आहेत आणि दारूच्या नावावर ४८. म्हणजे तीन टक्केसुद्धा नाहीत.

परिषदेत हे कुणी तपासले नाही. हिंदुस्थान सरकारच्या बाजूने अडचणी सांगण्यात आल्या, पण १,१९३ साक्षींचा तो अहवाल कुणी टेबलावर आपटून चर्चा घडवली नाही. १९२५ च्या जिनिव्हा करारात ‘इंडियन हेम्प’ आले. दारू मात्र आली नाही.

त्यानंतरची वाट सरळ आहे. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात गांजा आणि चरस सर्वांत कडक यादीत, हेरॉइनच्या शेजारी बसले. औषधापुरता आणि संशोधनापुरता अपवाद कागदावर राहिला. इतर वापर पंचवीस वर्षांत थांबवायचा होता. आपल्या राज्यात भांग-गांजा १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली आधीच आला होता. १९८५ साली भारताने एनडीपीएस कायदा केला. गांजा आणि चरस गुन्हा ठरले. भांगेची पाने व्याख्येबाहेर राहिली. होळीची भांग वाचली आणि तकियावरची चिलीम गुन्हेगार झाली, यामागे वैद्यकीय कारण शोधू जाल तर सापडणार नाही.

विज्ञान परतते

बंदीचा काळ संशोधनासाठी कठीण होता, पण संशोधन संपले नाही. १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी गांज्यातील नशा आणणारा घटक, टीएचसी, शुद्ध स्वरूपात वेगळा केला. १९९२ साली मानवी शरीर स्वतःच तयार करीत असलेले तसे एक द्रव्य सापडले. त्याला ‘आनंद’ या शब्दावरून ‘अनंडामाइड’ असे नाव दिले गेले. कॅनाबिडिऑल किंवा सीबीडी या दुसऱ्या घटकाने नशा येत नाही. लहान मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांवर रीतसर चाचण्या झाल्या आणि २०१८ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने त्या औषधाला मान्यता दिली. १८३९ मधील कलकत्त्याच्या त्या तान्ह्या मुलीपासून इथपर्यंत यायला १७९ वर्षे लागली. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजा त्या सर्वांत कडक यादीतून काढला. भारताने बाजूने मत दिले. आंतरराष्ट्रीय नियंत्रण मात्र कायम आहे.

पुरावा दोन्ही बाजूंनी कापतो, हेही सांगितले पाहिजे. १९८७ साली स्वीडनमधील पंचेचाळीस हजारांहून अधिक तरुण सैनिकांच्या पाहणीने दाखवले की, कोवळ्या वयात गांज्याचे जड सेवन करणाऱ्यांत पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण अधिक होते. नंतरच्या अभ्यासांनीही हा धोका अधोरेखित केला आहे, विशेषतः आजच्या अधिक तीव्र गांज्याबाबत. म्हणजे १८९४ चा अहवाल दाखवून ‘गांजा निरुपद्रवी आहे’ म्हणणे हीदेखील रकाना न तपासताच भरण्याची गोष्ट झाली. सायलोसायबिन, एमडीएमए अशा मन बदलणाऱ्या द्रव्यांचेही तसेच. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना, ठरावीक आजारांसाठी ती देण्याची मुभा दिली. अमेरिकेच्या नियामकाने ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएला नकार दिला, कारण पुरावा पुरेसा वाटला नाही. होकार आणि नकार दोन्ही चाचणीच्या कागदांवरून दिले गेले. आपल्या गल्लीत ‘एमडी’ नावाने विकली जाते ती पूड मात्र मेफेड्रोन. तिचा या औषधी प्रयोगांशी काही संबंध नाही, हे आपल्या मुलांना स्पष्ट सांगावे.

आपल्या मोहल्ल्यातला रकाना

२०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे देशात भांग, गांजा किंवा चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख आणि दारू घेणारे सुमारे १६ कोटी आहेत. त्यापलीकडे झोपेच्या गोळ्या, खोकल्याची औषधे, गर्द आहेत. मालेगावात ‘कुत्ता गोली’ हा शब्द पोरासोरांना ठाऊक आहे. ही नशा आपल्या वस्त्यांत आहे, हे नाकारण्यात शहाणपण नाही.

मी शिक्षक आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. आठवीतला मुलगा यायचा बंद होतो तेव्हा स्टाफरूममध्ये पटकन म्हटले जाते, ‘गर्दुल्ला झाला असेल.’ बापाचा यंत्रमाग बंद पडलेला असतो, आई आजारी असते, मुलगा गॅरेजवर लागलेला असतो. नशा असलीच तर बहुधा त्यानंतर आलेली असते. पण एकदा शब्द चिकटला की शाळा, मोहल्ला आणि पोलीस ठाणे तिन्ही ठिकाणी तोच त्याचा ओळखपत्र होतो. सूरह हुजुरातमध्ये अल्लाहतआलाने मोमिनांना ताकीद दिली आहे की, कुणी खबर घेऊन आला तर आधी तिची शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी लोकांचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. आयोगाच्या साहेबांनी ही आयत वाचली असेल किंवा नसेल, त्यांनी २२२ जणांच्या बाबतीत वागणूक मात्र तशी केली. आपण वाचतो.

एक व्यावहारिक गोष्टही इथे नोंदवतो. आईबाप पोराची नशा लपवतात, कारण डॉक्टरकडे नेले तर पोलीस येतील अशी भीती असते. एनडीपीएस कायद्याच्या ६४-अ कलमात तरतूद आहे की, नशा केल्याचा किंवा अल्प मात्रा बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वेच्छेने सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतला आणि तो पूर्ण केला, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडला तर ही सवलत जाऊ शकते. ३९ व्या कलमाने कोर्टालाही दोषी व्यसनी माणसाला, त्याच्या संमतीने, तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवता येते. जुम्याच्या बयानात नशेवर लानत होते, ती योग्यच आहे. तिच्या जोडीला ही दोन कलमे सांगितली गेली तर काही मुले तुरुंगाऐवजी दवाखान्यात जातील.

हराम ते हरामच राहील. त्यासाठी कुठल्या आयोगाची गरज नाही. पण गुन्हा किती, शिक्षा कोणती, औषध कोणते आणि आजारी कोण, हे ठरवायला पुरावा लागतो. त्याची सुरुवात कुणाच्या तरी नावापुढचा एक रकाना भरण्याआधी विचारलेल्या प्रश्नाने होते. हा प्रश्न विचारायला राजा, साहेब किंवा शास्त्रज्ञ असावे लागत नाही. हजेरीपट हाती असलेला शिक्षकही तो विचारू शकतो, दारात बसलेली आईही.